वर्गात न बोलणारी मुलं: घुमी, शिष्ट, की फक्त अंतर्मुख?

सुरंगी

पाचवीच्या वर्गाबद्दल विचारायचं आहे. शाळा गोव्यात, फोंडा तालुक्यात, मुलं आजूबाजूच्या गावांतली. बहुतेकांची प्राथमिक शाळा मराठी, काहींची कोकणी, आणि पाचवीपासून सगळे विषय एकदम इंग्रजीतून. वर्गात सात-आठ मुलं अशी आहेत की आपणहून कधीच बोलत नाहीत आणि विचारलं तर एका शब्दात आटपतात. वह्या पाहिल्या तर त्यातल्या निम्म्यांचं काम वर्गातल्या चांगल्या मुलांच्या तोडीचं.

स्टाफरूममध्ये या मुलांना नावं पडली आहेत. कोणी घुमा, कोणी मठ्ठ, एक मुलगी तर 'शिष्ट'. प्रगतिपुस्तकात 'वर्गात सहभाग घेत नाही' हा शेरा दर वर्षी तसाच पुढे जातो. पालकसभेत एखादी आई म्हणते, 'बाई, घरी ही तोंड मिटत नाही, शाळेत काय होतं हिला?' दुसरी सांगते, 'घरीही असाच, कोणी आलं की आतल्या खोलीत.' एका सहकाऱ्याचं मत असं की इंटरनेटवरची सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी सगळ्यांकडून भरून घ्यावी.

मला विचारायचं आहे ते असं: अंतर्मुख मूल, लाजाळू मूल आणि खरोखर घाबरलेलं मूल वर्गात वेगळं कसं ओळखायचं? त्या चाचणीचा काही उपयोग आहे का? तोंडी गुण देताना यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून काय करता येईल? आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली आहे. पाहुण्यांनी भरलेल्या घरात या मुलांचं काय करायचं ते पालकांना सांगायचं आहे. उद्या वर्गात करता येईल असं काही सांगा.

मनाचे_कप्पे

बाई, आधी चाचणीचं बोलतो, कारण ती थांबवणं तुमच्या हातात आहे. सोळा प्रकारांची ही कल्पना कार्ल युंग यांच्या १९२१ च्या पुस्तकावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी उभी केली. अडचण मांडणीतच आहे. माणसांचं अंतर्मुख-बहिर्मुखपण मोजलं तर बहुतेक सगळे मधल्या भागात सापडतात, दोन टोकांना थोडेच. चाचणी बरोबर मधोमध रेघ मारते आणि एका बाजूला एक अक्षर, दुसऱ्या बाजूला दुसरं देते. त्यामुळे दोन-तीन उत्तरं इकडची तिकडे झाली की माणूस 'बदलतो', आणि काही आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली तर पुष्कळांचं एखादं अक्षर खरोखरच बदललेलं असतं. मूळ चाचणीवाले स्वतःच सांगतात की नोकरीला माणसं निवडण्यासाठी ती वापरू नका. दहा वर्षांच्या मुलांसाठी तर ती नाहीच. मुलाच्या कपाळावर 'घुमा' होतं तिथे चाचणीतल्या प्रकाराची चार अक्षरं येतील, एवढाच फरक पडेल.

आज संशोधनात जास्त वापरतात ते पाच घटकांचं मापन. त्यात बहिर्मुखता ही एक पट्टी आहे आणि कोस्टा व मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत तिचेही सहा पैलू पडतात: जिव्हाळा, माणसांत राहण्याची आवड, ठामपणा, हालचालीचा वेग, थराराची ओढ आणि आनंदी भावना. हे सहाही एकाच मुलात सारखे नसतात. चाळीस जणांत ज्याला नकोसं होतं ते मूल एका मैत्रिणीवर जीव टाकणारं असू शकतं. 'शिष्ट' हा शिक्का इथेच चुकीचा पडतो. मूल गर्दीत शिरत नाही, हे आपल्याला दिसतं. आपल्याला ते तुच्छ मानतं, हे आपण मनानेच जोडतो.

आता ओळखायचं कसं. सर्वात आधी भाषा बाजूला काढा. पाचवीच्या वर्गात, आणि तेही गोव्यात, शांत मुलांपैकी काही निव्वळ इंग्रजीमुळे शांत असणार. विज्ञानाचा जो प्रश्न इंग्रजीतून विचारला तोच मधल्या सुट्टीत कोकणीतून किंवा मराठीतून विचारा, 'सांग पळोवया' (सांग बघू) म्हणत. भराभर उत्तर आलं तर तिथे व्यक्तिमत्त्वाचा काही संबंध नाही. नवी भाषा शिकताना मुलं काही महिने ऐकतात जास्त, बोलतात कमी. त्या काळात समज वाढतच असते.

उरलेल्या मुलांकडे दोन आठवडे चार ठिकाणी बघा: एकटं असताना, एका मित्राबरोबर, चार जणांत आणि पूर्ण वर्गात. नाव, ठिकाण आणि काय केलं, एवढीच नोंद ठेवा. 'उदास वाटला' असं लिहू नका. 'खिडकीजवळ बसून चित्र काढलं, मित्र आला तेव्हा सरकून जागा दिली' असं लिहा.

अंतर्मुख मूल एका मित्राशी मोकळं बोलतं, चार जणांत कमी, चाळीस जणांत जवळजवळ नाही. पण न बोलताना ते अस्वस्थ नसतं. खांदे सैल असतात, बोलणाऱ्याकडे लक्ष असतं. एकटं बसलं तर कशात तरी गुंतलेलं असतं. लाजाळू मूल गटाकडे बघत कडेला उभं राहतं, दोन पावलं पुढे येतं आणि मागे फिरतं. त्याला जायचं असतं आणि जमत नसतं. चीक आणि बस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखवलं की लाजाळूपणा आणि माणसांची आवड या वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. ज्यांना माणसं हवीही असतात आणि भीडही वाटते, त्यांचीच अनोळखी माणसाशी बोलताना सर्वात जास्त ओढाताण होते. म्हणजे 'तिला आवडतच नाही मिसळायला' हे आपण लाजाळू मुलीबद्दल बोलतो तेव्हा नेमकं उलटं बोलत असतो. घाबरलेलं मूल प्रसंग टाळतं. वाचनाची पाळी येणार त्या दिवशी पोट दुखतं, तळहात ओले होतात, वाचता येत असून 'येत नाही' म्हणतं, वर्गात पाणी मागायचीही भीती वाटते. हे सहा महिने किंवा जास्त चाललं आणि शाळा, मैत्री, खाणंपिणं यांत अडथळा आणू लागलं तर तज्ज्ञाकडे नेण्याची वेळ आली असं समजा.

एकाच मुलात यातलं दोन किंवा तीन असू शकतं, तेव्हा एका खणात बसवायची घाई नको.

डस्टर

सुरंगीबाई, वर्गातलं मी सांगते. प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो ते एकदा मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदाच्या आसपास थांबत होते. तोच वेळ तीन सेकंद किंवा अधिक केला की उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी गप्प राहणारी मुलं पुढे येऊ लागली. थांबायच्या जागा दोन आहेत. एक प्रश्नानंतर आणि दुसरी मुलाच्या उत्तरानंतर. दुसरी आपण हमखास विसरतो. मूल अर्धं वाक्य बोलून श्वास घेतं आणि आपण 'बरोबर' म्हणून पुढच्याकडे वळतो.

हे बिघडतं ते नजरेमुळे. प्रश्न विचारून त्याच मुलाकडे टक लावून तीन सेकंद थांबलात तर ती शिक्षाच होते. मनात अंक मोजा, नजर फळ्यावर किंवा सगळ्या वर्गावरून फिरती ठेवा, आणि नाव शेवटी घ्या. अबोल मुलांना आदल्या दिवशी हळूच सांगून ठेवा, 'उद्या धड्याखालचा तिसरा प्रश्न तुझा.' यात लाड नाहीत. ज्याला आधी विचार करून मग बोलायचं असतं त्याला विचाराला वेळ मिळतो, बस.

त्यानंतरची पायरी: प्रश्न द्या, एक मिनिट सगळ्यांनी वहीत लिहायचं, दोन मिनिटं बाकावरच्या शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला. वर्गाला सांगताना 'तुझ्या शेजाऱ्याचं काय म्हणणं होतं?' असंही विचारता येतं. दुसऱ्याचं मत सांगायला जीभ लवकर सुटते. पस्तीस मिनिटांच्या तासात असा फेरा एकदाच करा. प्रत्येक प्रश्नाला केलात तर धडा पुरा होणार नाही आणि मुलंही कंटाळतील.

गटकाम चार जणांचं ठेवा. सहा झाले की दोघं गप्प बसणारच, आणि ते कोण हे आपल्याला माहीत आहे. गटात बोलायच्या आधी प्रत्येकाने आपला मुद्दा चिठ्ठीवर लिहून मध्ये ठेवायचा. येल विद्यापीठात १९५८ मध्ये टेलर, बेरी आणि ब्लॉक यांनी दाखवलं होतं की तेवढीच माणसं वेगवेगळी बसून कल्पना लिहितात तेव्हा एकत्र बसून बोलणाऱ्यांपेक्षा जास्त कल्पना निघतात. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी त्याचं मुख्य कारणही शोधलं: एका वेळी एकच जण बोलतो, तोवर बाकीच्यांचा विचार अडून राहतो. आणि जो पहिला बोलतो त्याचंच गट ऐकतो. कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किलडफ यांच्या २००९ च्या प्रयोगात गणितं सोडवणाऱ्या गटांनी दहापैकी नऊहून जास्त वेळा सर्वात आधी सुचलेलं उत्तरच घेतलं. ठासून बोलणारे लोक सगळ्यांना हुशार वाटले, पण त्यांची गणितं इतरांपेक्षा जास्त बरोबर नव्हती. स्टाफरूममध्ये 'मठ्ठ' म्हणणाऱ्यांना हे अवश्य सांगा.

तोंडी गुणांचं. दहा गुण असतील तर मी असे वाटीन: चार आशयाला, तीन ऐकण्याला, तीन बोलण्याला. आशय चिठ्ठीवर लिहिलेला असला तरी धरायचा. ऐकण्याचे गुण दुसऱ्याच्या मुद्द्याला जोडून काही सांगितलं किंवा विचारलं तर. बोलण्याचे गुण तीन मार्गांनी मिळवता यायला हवेत: पूर्ण वर्गासमोर, चार जणांच्या गटात, किंवा बाईंच्या टेबलाजवळ येऊन एकट्याने. हात किती वेळा वर गेला याला शून्य गुण. ही वाटणी मुलांना आणि पालकांना सत्राच्या सुरुवातीला लेखी द्या, नाहीतर बोलकी मुलं म्हणतील आमचे गुण कापले, आणि त्यांची तक्रार रास्त असेल.

दोन गोष्टी करू नका. अबोल मुलाला 'बोलता व्हावा म्हणून' मॉनिटर करू नका. सगळ्या वर्गाला दटावत फिरायचं काम त्याच्या गळ्यात पडतं आणि मुलं त्याच्यापासून आणखी लांब जातात. आणि तो पहिल्यांदा बोलला की टाळ्या वाजवून घेऊ नका. सगळ्यांच्या माना वळतात, पुन्हा बोलायची हिंमत तिथेच संपते. 'हं, पुढे?' एवढं पुरे.

रिसेप्शन_डेस्क

मी हॉटेलांत फ्रंट ऑफिसच्या मुलामुलींना तयार करण्याच्या कामात आहे, त्यामुळे पलीकडच्या टोकावरून बोलतो. वरचं सगळं मान्य, पण एक धोका दिसतो. 'तो अंतर्मुख आहे' असं म्हणून मुलाला नमस्कार करण्यापासूनही सूट दिली तर आपण त्याचं नुकसान करतो. गोव्यात पुष्कळ मुलं शेवटी पर्यटनात किंवा त्याच्या आसपासच्या धंद्यात येतात. स्वभाव एक, कौशल्य वेगळं. अनोळखी माणसाला सामोरं जाणं हे टायपिंगसारखं शिकवता येतं.

अबोल उमेदवार मुलाखतीत कुठे मार खातो ते सांगतो. बहुतेक वेळा उत्तरात नाही, चेहऱ्यात. विचार करताना त्याचा चेहरा स्थिर होतो, नजर खाली जाते, आणि समोरचा त्यातून नाराजी किंवा घमेंड वाचतो. इलाज साधा आहे. विचाराला वेळ हवा असेल तर तो तोंडाने मागायचा: 'एक क्षण, विचार करून सांगतो.' हे वाक्य पाठ असलं की तीच शांतता समोरच्याला गंभीरपणा वाटते. ऐकताना दर दोन-तीन वाक्यांनी मान हलवणं किंवा 'हो, समजलं' म्हणणं, हे दुसरं. आत ऐकणं चालू आहे ते बाहेरून दिसावं लागतं.

पाहुण्याला भेटताना पहिली दहा सेकंदं ठरवून बसवतो. नजर वर, नमस्कार, आपलं नाव, एक प्रश्न: 'प्रवास कसा झाला?' बस. पुढचं बोलणं पाहुणाच करतो, आणि इथे अंतर्मुख मुलं पुष्कळदा सरस ठरतात, कारण ती खरंच ऐकतात आणि तिसऱ्या दिवशीही लक्षात ठेवतात की खोलीत उशी जास्त हवी होती. बोलणं संपवायचंही वाक्य द्यावं लागतं: 'काही लागलं तर मी इथेच आहे.' सुरुवात जमते पण सुटायचं कसं हे न कळल्यामुळे बरीच मुलं संभाषणच टाळतात.

विक्री बडबड्यांचीच जास्त होते हाही गैरसमज. ॲडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये विक्रेत्यांची कमाई तपासली तेव्हा सर्वात पुढे निघाले ते मधले लोक, फार बोलकेही नाहीत आणि फार अबोलही नाहीत. त्यांचाच आणखी एक अभ्यास, २०११ चा, फ्रान्सिस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन यांच्याबरोबर केलेला: पिझ्झा पोचवणाऱ्या दुकानांत जिथे हाताखालची माणसं स्वतः सूचना करणारी होती, तिथे शांत स्वभावाच्या मॅनेजरचा नफा जास्त. माणसं आज्ञेची वाट बघणारी असली की बोलक्या मॅनेजरचा.

थकव्याचं मात्र खरं धरा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात लोकांना आठवडाभर मुद्दाम बहिर्मुख वागायला सांगितलं. मुळात बोलक्या लोकांना त्याचा फायदा झाला. अंतर्मुखांना फायदा कमी आणि थकवा जास्त, शिवाय आपण आपल्यासारखे वागत नाही अशी भावना. म्हणून सीझनमध्ये, चेक-इनची गर्दी असते त्या दुपारी, अशा मुलाला सलग डेस्कवर न ठेवता मध्ये पंधरा मिनिटं मागच्या ऑफिसात बुकिंग तपासायला पाठवावं. काम थांबत नाही आणि संध्याकाळी तो माणसांवर खेकसत नाही. सुपरवायझर हे करत नाहीत आणि मग शेरा लिहितात, 'ॲटिट्यूड आहे.'

मनाचे_कप्पे

सरांशी सहमत. फक्त वय लक्षात घेऊ. वीस वर्षांच्या उमेदवाराला दहा सेकंदांचा सराव ठीक. दहा वर्षांच्या मुलाकडून तोच सराव पूर्ण वर्गासमोर करून घेतला तर उलटेल. आधी बाईंशी, मग एका मित्राबरोबर, मग चार जणांत, या क्रमाने आठवड्या-आठवड्याने न्या.

थकव्यामागचं कारणही थोडक्यात: हान्स आयझेंक यांनी १९६७ मध्ये मांडलं की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागृत असतो, म्हणून बाहेरचा गलका त्याला लवकर पुरेसा होतो. हा सिद्धांत जसाच्या तसा आज कोणी घेत नाही, पण एक निष्कर्ष वर्गासाठी उपयोगी आहे. रसेल गीन यांनी १९८४ मध्ये लोकांना काम करताना आवाज किती हवा ते स्वतः ठरवू दिलं. अंतर्मुखांनी कमी आवाज निवडला, बहिर्मुखांनी जास्त. आपापल्या आवाजात दोघांचं काम सारखं झालं, अदलाबदल केल्यावर दोघांचं बिघडलं. पंख्याची घरघर, शेजारच्या वर्गाचा पाढा आणि दारातली ये-जा जिथे कमी, तो बाक या मुलांना देऊन बघा.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार, पुष्कळ हाताला लागलं. दोन गोष्टी अजून. वर्गात एक मुलगा असा आहे की शेजारच्या बाकावरच्याशीही बोलत नाही. शौचालयाला जायचं असलं तरी फक्त उभा राहतो. आई म्हणते घरी धाकट्या बहिणीशी दिवसभर बोलतो, आजीला गोष्टी सांगतो. मागच्या शाळेतही असाच होता म्हणे. हाही अंतर्मुखपणाच का? आणि चवथीचं राहिलंच.

पारिजात

ताई, मी बालसमुपदेशनाचं काम करते. तुम्ही लिहिलंय त्यावरून हे अंतर्मुखपणाच्या पलीकडचं वाटतं आणि तपासून घ्यायला हवं. एका ठिकाणी व्यवस्थित बोलणारं मूल दुसऱ्या ठराविक ठिकाणी महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल, शाळेचा पहिला महिना सोडून, तर त्याला निवडक मौन म्हणतात. मूल हट्टाने गप्प बसत नाही. चिंतेने त्याचा आवाज अडतो. 'घरी बोलतोस ना, मग इथे काय झालं?' हा प्रश्न त्याला अपराधी वाटायला लावतो. तो विचारूच नका, आणि इतर शिक्षकांनाही सांगून ठेवा.

आधी कान तपासा. दोन्ही कानांची श्रवणचाचणी, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे. घरी बोलतो म्हणजे कान चांगले असं धरता येत नाही. जवळून ऐकू येतं आणि गोंगाटाच्या वर्गात येत नाही असं असू शकतं. आजच करायचं काम म्हणजे शौचालयासाठी आणि पाण्यासाठी एक खूण किंवा कार्ड ठरवणं. गरज भागवण्यासाठी बोलण्याची अट नको.

मग हळूहळू आत शिरायचं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मुलगा दोघंच काहीतरी खेळतील, पत्ते किंवा सापशिडी, ज्यात आकडे म्हणावे लागतात. तो आईशी मोकळं बोलू लागला की तुम्ही दाराबाहेर. पुढच्या वेळी दारात, तोंड दुसरीकडे करून काही काम करत. मग खोलीच्या टोकाला, मग जवळच्या बाकावर, मग खेळात. तो थांबला की तुम्ही एक पायरी मागे. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीनदा शक्य झालं तर उत्तम. तुम्ही खेळात आल्यावर 'हो-नाही'चे प्रश्न टाळा, कारण त्यांना मानेनेच उत्तर देता येतं. 'लाल हवा की निळा?' असं विचारा आणि पाच सेकंद गप्प राहा. तो बोलला तर उत्तर उचलून खेळ पुढे न्या. कौतुक नको, आश्चर्यही नको. आमिष दाखवणं, 'बोललास तर चॉकलेट', यामुळे चिंता वाढते.

याबरोबरच तज्ज्ञाची गाठ घालून द्या. गोवा शैक्षणिक विकास महामंडळाकडून पुष्कळ शाळांत समुपदेशक येतात, मुख्याध्यापकांना विचारा. बांबोळीच्या मनोरुग्णालयात, म्हणजे आयपीएचबीत, मुलांना दाखवता येतं. तिथे जायला पालक बिचकतात. 'वेड्यांचं हॉस्पिटल' हा शब्द अजून गावात आहे. त्यांना सांगा की आवाज अडणाऱ्या मुलाला लवकर मदत मिळाली तर लवकर सुटतो, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर न बोलण्याची सवय मुरते. फोनवर आधी बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे.

आणखी एक, हे मला महत्त्वाचं वाटतं. जे मूल आधी बोलत होतं आणि अचानक गप्प झालं, त्याच्याबाबत स्वभाव, लाजाळूपणा वगैरे काहीही धरू नका. घरात काही घडलं का, बसमध्ये किंवा शाळेत कोणी छळतं का, कोणी नको तसा हात लावला का, हे एकांतात, दोषाचा सूर न लावता विचारायचं. संशय असेल तर १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

पालक स्वतःला दोष देत असतील तर त्यांना जेरोम केगन यांचं काम सांगा. त्यांनी चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज, हलणारी खेळणी, अनोळखी वास दिले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं, आणि अशी बाळं पुढे नव्या गोष्टींपुढे बिचकणारी होण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे सुरुवात पाळण्यात असते. सगळीच तशी राहिली नाहीत, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

माटोळी

चवथीचं मी लिहिते. मूळ घरी पाच चुली, तीस-चाळीस माणसं आणि दोन दिवस सतत ये-जा. अंतर्मुख मुलाला यातला देव, आरती, नेवऱ्या सगळं आवडतं. त्याला जड जातो तो उंबऱ्यावरचा पहिला अर्धा तास, जेव्हा सगळे एकदम विचारतात: कितवीत, किती टक्के, एवढा बारीक का, बोलत का नाहीस.

म्हणून शक्य असेल तर हरतालिकेच्या दिवशी लवकर पोचा, घर भरायच्या आधी. मूल दोघातिघांत रुळतं, मग माणसं एकेक करून वाढतात. उलट केलं, म्हणजे भर आरतीत त्याला घेऊन आत शिरलात, तर दिवस गेलाच. पोचल्याबरोबर त्याच्या हातात काम द्या. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट, बांधणं हे अशा मुलासाठी सर्वात चांगलं: काका वर चढतात, खालून एकेक फळ आणि केवणीचा दोर द्यायचा, कांगलां (रानफळं) कुठे, सुपारीचा घोस कुठे ते बघायचं. शेजारी उभं राहून काम करताना समोरासमोर बघावं लागत नाही, आणि त्यात मुलं आपोआप बोलू लागतात. कामाच्या निमित्ताने आलेलं बोलणं 'काकांशी बोल रे' म्हणून येत नाही.

आरतीत घुमट (मातीचं तालवाद्य) किंवा कासाळें (झांज) हातात असलं तर न बोलता गटात जागा मिळते. पुष्कळ अबोल मुलं आरती खणखणीत म्हणतात, आणि मग मावशी म्हणते, 'बघा, इथे आवाज निघतो, म्हणजे नाटकं करतो.' तसं नाही. आरतीचे शब्द ठरलेले, सूर ठरलेला, शेवट ठरलेला. गप्पांत पुढचं वाक्य काय येईल हेच ठाऊक नसतं.

मोठ्यांच्या पाया पडणं आणि नाव घेऊन नमस्कार, एवढं मात्र त्याच्याकडून घ्या. रिसेप्शन_डेस्क म्हणतात ते पटतं. त्यापुढे कविता म्हण, नाचून दाखव हे नको. दुपारी जेवण झाल्यापासून संध्याकाळच्या आरतीपर्यंत एक-दीड तास त्याला माळीवर किंवा मागच्या पडवीत एकटं सोडा, आणि कुठे आहे हे एका मोठ्या माणसाला सांगून ठेवा, म्हणजे 'गेला कुठे, रुसला काय' असा शोध लागणार नाही. रात्री आरती घरोघर फिरते तेव्हा दोन-तीन घरांनंतर आत्येबरोबर परत यायची मुभा आधीच ठरवा.

आणि त्याच्यादेखत 'तो लाजाळूच आहे' हे वाक्य पालकांनी बोलू नये. नातेवाईक विचारतील तेव्हा 'थोड्या वेळाने येईल, बाबा माटोळी बांधतात तिथे आहे' एवढं सांगावं. हेच नव्या सुनेला लागू. स्वयंपाकघरात पाच जणींत ती गप्प असली की दुसऱ्या दिवशी 'शिकलेली आहे, म्हणून' असं सुरू होतं. तिला एखाद्या जावेबरोबर दोघींनीच पातोळ्यांची हळदीची पानं पुसायला बसवा, बोलेल.

डस्टर

प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्याचं वर राहिलं. 'वर्गात सहभाग घेत नाही' याऐवजी काय, कुठे आणि पुढची पायरी, अशी एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: 'चार जणांच्या गटात आपला मुद्दा नेमका मांडते, पुढील सत्रात वर्गासमोर एक तयार उत्तर सांगण्याचा सराव करू.' किंवा: 'लेखी उत्तरांत कारणं चांगली देतो, इंग्रजीतून बोलण्याचा सराव शेजाऱ्याबरोबर सुरू आहे.' शेऱ्यासाठी जागा दोनच ओळींची असते, पण पुढच्या वर्षीची वर्गशिक्षिका सत्राच्या सुरुवातीला सर्वात आधी तेच वाचते. शाळेत अजिबात न बोलणाऱ्या त्या मुलाचा शेरा पारिजात यांच्याशी किंवा शाळेच्या समुपदेशकांशी बोलून मगच लिहा, आणि निवडक मौन वगैरे शब्द प्रगतिपुस्तकात घालू नका. ते वेगळ्या कागदावर, पालकांच्या संमतीने, मुख्याध्यापकांकडे राहू दे.